रामकुंडावर आधी कुणाचं नेट?

सिंहस्थात नेट चालेल का हो, असं आता नाशकात कुणीही विचारतं, रिक्षावाला विचारतो, लॉजवाला विचारतो, आणि उत्तर ठरलेलं असतं की टॉवर वाढवणार आहेत, गाडीवरचे फिरते टॉवर आणणार आहेत, फायबर टाकतायत, काळजी नको. टॉवर वाढवायलाच पाहिजेत, त्यात वादच नाही. पण २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान आहे, ३१ ऑगस्टला दुसरं, आणि त्या पहाटे रामकुंड, गौरी पटांगण, मालेगाव स्टँड एवढ्याशा पट्ट्यात जेवढी माणसं उभी असतील तेवढ्या सगळ्यांना मनासारखं नेट पुरवणं कुठल्याच कंपनीला जमणारं नाहीये. नेट तुंबणार हे धरूनच चाला. मग तुंबल्यावर आधी कुणाचं जाणार, हा खरा प्रश्न, आणि तो कुणी मोठ्याने विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हा क्रम आधी ठरला पाहिजे, गरज बघून ठरला पाहिजे आणि सगळ्यांना माहीत असला पाहिजे. पैसे बघून ठरता कामा नये, आणि कुणा कंपनीच्या कंट्रोल रूममधे गुपचूप तर अजिबात नको.

मी नेटवर्कचीच कामं करतो, दवाखाने, सोसायट्या, अंबड-सातपूरची वर्कशॉप्स, त्यामुळे तुंबलेली लाईन हे माझं रोजचं काम आहे. आणि बहुतेकांचा पहिला गैरसमज इथेच असतो. मोबाईलवर रेंजच्या काड्या फुल्ल दिसतात आणि मेसेजपुढचं घड्याळ काही जात नाही, हे गर्दीत आपण सगळ्यांनी बघितलंय. काड्या एवढंच सांगतात की सिग्नल किती जोरात येतोय, त्या सिग्नलला वाटेकरी किती आहेत ते काड्यांवर दिसत नाही. टॉवरच्या एका बाजूला, म्हणजे एका सेक्टरला जेवढं स्पेक्ट्रम, म्हणजे रेडिओलहरींचा पट्टा, आहे तेवढंच, आणि ते त्या सेक्टरमधल्या सगळ्यांनी वाटून घ्यायचं. त्यातही जो लांब आहे, किंवा पंचवटीतल्या जुन्या वाड्याच्या जाड भिंतीआड आहे, त्याचा सिग्नल कमजोर, त्यामुळे तेवढाच डेटा पाठवायला त्याला टॉवरचा जास्त वेळ लागतो, म्हणजे त्याचंही रखडतं आणि त्याच्यामुळे बाकीच्यांचंही. अपलोडची बाजू तर अजून अरुंद, आणि मेळ्यात लोक नेमकं अपलोडच करतात, घाटावरून व्हिडिओ कॉल लावून घरच्यांना दर्शन घडवतात, लाइव्ह करतात, रील टाकतात. ह्यात वाईट काहीच नाही, आजी घरी आहे आणि तिला गोदामाई दाखवायचीये तर दाखवावीच. पण यूपीआयचं एक पेमेंट म्हणजे काही किलोबाइटचा मामला, मी इथे उभा आहे हे लोकेशन पाठवणं तर त्याहून लहान, आणि चांगल्या क्वालिटीचा लाइव्ह व्हिडिओ मात्र दर सेकंदाला काही मेगाबिट खात बसतो. पेमेंट अडकलं की माणूस परत बटण दाबतो, ॲप स्वतःहून परत प्रयत्न करतं, अशी हजारो जणांची एकदम परत-परत सुरू होते आणि मग गर्दी स्वतःच स्वतःला वाढवत नेते.

हे दुखणं मोबाईलमुळे आलेलं नाही, फार जुनं आहे. १९८६ च्या ऑक्टोबरमधे अमेरिकेत लॉरेन्स बर्कली लॅब आणि बर्कलीचं विद्यापीठ, मधलं अंतर जेमतेम चारशे यार्ड, ह्यांच्यातल्या ३२ किलोबिटच्या लाईनवरून डेटा जायचा वेग कोसळून सेकंदाला ४० बिटांवर आला होता. लाईन तुटली नव्हती. सगळी मशिनं पोचलं नाही, पोचलं नाही म्हणून तेच ते पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, परत ढकलत होती आणि लाईन त्या परत पाठवलेल्या मालानेच भरून गेली होती. व्हॅन जेकबसन ह्यांनी १९८८ साली त्यावरचा उपाय मांडला तो असा की प्रत्येक मशिनने स्वतःला आवर घालायचा, पॅकेट हरवलं की गर्दी आहे असं समजून वेग कमी करायचा, मोकळं दिसलं की हळूहळू वाढवायचा. आज आपल्या फोनमधलं टीसीपी, म्हणजे डेटा पाठवायची नियमावली, त्याच विचारातून पुढे आलंय. म्हणजे जगभरचं नेट आज चालतंय त्यामागे प्रत्येकाने गर्दीत थोडं मागे सरकायचं ही शिस्त आहे, आणि ती शिस्त आधी ठरवून, लिहून, सगळ्यांना दाखवून बसवलेली आहे. नुसतं पाइप जाड करत जाऊन इथवर कुणी आलेलं नाही.

आता आपल्याजवळचं सांगतो. शहरातलं एक छोटं हॉस्पिटल, तक्रार अशी की संध्याकाळी डॉक्टरांच्या व्हिडिओ कन्सल्टेशनला आवाज तुटतो, पेशंट तिकडे पेठ नाहीतर सुरगाण्याकडून बोलत असतो आणि दोघंही हॅलो हॅलो करत बसतात. नेट देणाऱ्यांचा माणूस म्हणाला मोठा प्लॅन घ्या. घेतला. तरी तेच. मी लॅपटॉप वायरने जोडला आणि पिंग लावून ठेवला, म्हणजे एक छोटं पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजत राहिलो, तर एरवी दहा-बारा मिलिसेकंदांचा पिंग मधेच आठशे-नऊशेवर जायचा, जरा वेळाने खाली यायचा, परत वर. आणि पॅकेट जवळपास एकही हरवत नव्हतं. आमच्या धंद्यात हे लक्षण ओळखीचं आहे, पॅकेट हरवत नसतील आणि उशीर मात्र होत असेल तर ती रांगेत उभी आहेत. लाईनच्या टोकाच्या डब्यात, म्हणजे मोडेममधे, मेमरी भरपूर असते, तो येईल ते पॅकेट आत ठेवून घेतो, कुणालाच नाही म्हणत नाही, आणि रांग लांबत जाते. शोधत गेलो तर सीसीटीव्हीचा रेकॉर्डर सगळ्या कॅमेऱ्यांचं फुटेज क्लाउडवर चढवत होता, हालचाल झाली की रेकॉर्ड करायचं अशी सेटिंग, आणि ओपीडीच्या वेळेलाच हालचाल सगळ्यात जास्त. म्हणजे पार्किंगमधल्या स्कूटरींच्या चित्राच्या मागे डॉक्टरांचा आवाज रांगेत उभा होता.

इथे प्लॅन वाढवून काय होणार होतं? आवाजाच्या कॉलला लागतं किती, आवाजाचा डेटा करणारा जुना कोडेक धरला तरी पॅकेटवरच्या पत्त्यांसकट सेकंदाला शंभर किलोबिटच्या आत. आवाजाला जाडी लागतच नाही, वेळेवर पोचणं लागतं, आयटीयू ह्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीत एका बाजूने दीडशे मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर चालण्यासारखा धरलाय, त्याच्या पुढे माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतात. मग उपाय असा केला की अपलोडचा वेग लाईनच्या खऱ्या वेगापेक्षा जरासा कमी बांधला, म्हणजे रांग लागलीच तर ती पलीकडच्या डब्यात न लागता आपल्या राउटरमधे लागेल आणि आपल्या हातात राहील, त्या रांगेवर एफक्यू-कोडेल नावाची रांग सांभाळायची पद्धत लावली, रेकॉर्डरला ओपीडीच्या वेळेत मर्यादा घातली आणि रात्री मोकळा सोडला. पिंग वीस-तीसच्या आसपास बसला आणि आवाज तुटायचा थांबला. जुन्या प्लॅनवरही हे सगळं झालं असतं.

एफक्यू-कोडेलबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या पुढच्या म्हणण्याचा पाया तोच आहे. राउटरमधल्या ह्या फुगलेल्या रांगेकडे जिम गेटिस ह्यांनी २०१०-११ च्या सुमारास सगळ्यांचं लक्ष वेधलं आणि तिला बफरब्लोट असं नाव दिलं. २०१२ मधे कॅथलीन निकोल्स आणि तेच व्हॅन जेकबसन ह्यांनी कोडेल आणलं, ते रांग किती लांब आहे ते न बघता पॅकेट रांगेत किती वेळ उभं होतं ते बघतं, आणि ताटकळणं वाढायला लागलं की मुद्दाम एखादं पॅकेट टाकून देतं म्हणजे पाठवणाऱ्याला इशारा मिळतो. त्यालाच पुढे एफक्यू जोडलं गेलं, त्यात प्रत्येक संवादाची वेगळी छोटी रांग लागते आणि सगळ्या रांगांना आळीपाळीने वाट मिळते, शिवाय जो संवाद थोडंसंच बोलतो, म्हणजे पेमेंट, आवाज, वेबसाइटचा पत्ता विचारणं, तो आपोआप पुढे सरकतो. २०१८ पासून हे आरएफसी ८२९० ह्या इंटरनेटच्या खुल्या तांत्रिक कागदात छापलेलं आहे, लिनक्समधे फुकट आहे, आज कितीतरी राउटरमधे नुसतं चालू करायचं बाकी असतं. आणि मला ह्यातलं सगळ्यात पटतं ते हे की न्याय देण्यासाठी कुणाच्या पॅकेटच्या आत डोकवावं लागत नाही. तुम्ही काय बघताय, कुणाशी बोलताय, कुठल्या देवळाला देणगी देताय ह्याच्याशी राउटरला काही देणंघेणं नाही, तो एवढंच बघतो की एकट्याने सगळी वाट अडवून धरली नाही ना. प्रायॉरिटी द्यायची म्हणजे आधी सगळ्यांचा डेटा चाळावा लागेल असं जे सांगतात त्यांना माझं हेच उत्तर आहे की आधी हे लावा, बरीचशी भांडणं इथेच मिटतात.

सगळी मिटत नाहीत, हेही खरं. गर्दी फारच झाली की सारखा वाटा देऊन कुणाच्याच वाट्याला कामापुरतं येत नाही, आणि तिथे कुणाला तरी आधी म्हणावंच लागतं.

आपल्या जिल्ह्याला हे ठरवणं नवीन नाही. बागलाण-कळवण भागात मोसम, आरम नद्यांवर पाणीवाटपाची फड पद्धत शेकडो वर्षं चालली. बंधारा घालून पाट काढायचा, शिवाराचे फड, म्हणजे भाग, पाडायचे, यंदा कुठल्या फडात ऊस आणि कुठल्या फडात भुसार हे गावाने बसून ठरवायचं, आणि पाणी द्यायचं ते पाटकऱ्याने. शेतकऱ्याने आपल्या हाताने पाणी वळवून घ्यायचं नाही, मग तो कितीही मोठा बागायतदार असो. पाणी कमी असलं तर यंदा कुठली जमीन पडीक ठेवायची हेही सगळ्यांनी मिळूनच ठरवायचं. पाटकऱ्याच्या हातात मोठी ताकद असायची पण त्याला गाव ओळखायचं, नियम गावाला तोंडपाठ असायचा, त्यामुळे चुकला तर जाब विचारता यायचा. नेटवर्कच्या पाटावर कोण बसलंय आणि त्याला कुणी काय सांगून ठेवलंय हे आपल्यापैकी किती जणांना माहितीये? प्रायॉरिटी चांगली की वाईट ह्यावर लोक तासन् तास वाद घालतात, माझी तक्रार वेगळी आहे, प्रायॉरिटी आजही दिली जातेच आहे आणि तिचा नियम आपल्याला वाचायला मिळत नाही.

इथे कुणीतरी म्हणेल, अहो पण नेट न्यूट्रॅलिटीसाठी आपण सगळे भांडलो होतो ना, सगळी पॅकेट सारखी म्हणून, मग आता हा क्रम कुठून काढलात. भांडलो होतो आणि बरोबर भांडलो होतो. २०१५ मधे ट्राय ह्या टेलिकॉम नियामकाच्या कन्सल्टेशन पेपरवर दहा लाखांच्या पुढे ईमेल गेले, ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने ठरावीक साइटना वेगळा दर लावायला बंदी घातली, फेसबुकला ठरावीक साइट फुकट दाखवणारं भारतातलं फ्री बेसिक्स गुंडाळावं लागलं, आणि पुढे २०१७ च्या नोव्हेंबरातल्या शिफारशी सरकारने २०१८ च्या जुलैत मान्य करून लायसन्सच्या अटींमधे हे तत्त्व घातलं. पण त्या शिफारशी कुणी नीट वाचल्या तर त्यात गर्दी सांभाळायला परवानगी आहेच, फक्त ती गरजेपुरती हवी, तात्पुरती हवी आणि उघड हवी, आणि आणीबाणीच्या सेवांना वेगळी सूट आहे. म्हणजे बंदी आहे ती ह्या कंपनीचा व्हिडिओ आधी आणि त्या कंपनीचा नंतर असला भेदभाव करण्याला, आत व्हेंटिलेटरवरचा पेशंट असलेल्या अँब्युलन्सला आधी जाऊ द्यायला नाही. मी म्हणतोय ते ह्या नियमाच्या आतलंच आहे, किंबहुना त्यातला उघड हा जो शब्द आहे तो खरा करून दाखवा एवढंच मागणं आहे.

पैशाच्या बाजूने बोलणारेही भेटतात, आणि त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. जास्त पैसे देणाऱ्याने जास्त जाड लाईन घ्यावी, ह्यात माझी काहीच हरकत नाही, कारखान्याला लीज लाईन लागते, तो तिचे पैसे मोजतो, कंपनी त्याच्यासाठी वेगळी क्षमता टाकते, त्यात शेजाऱ्याचं काही जात नाही. पण रस्ता एकच असेल आणि तो तुंबलेला असेल तर तिथे पुढचा नंबर विकणं म्हणजे कुणाला तरी मागे ढकलून ती जागा विकणं. तिथे नवीन काही तयार होत नाही. २०२० मधे व्होडाफोन-आयडियाच्या रेडएक्स आणि एअरटेलच्या प्लॅटिनम प्लॅनमधे जास्त पैसे भरणाऱ्यांना चांगल्या वेगाचं आश्वासन होतं, तेव्हा ट्रायने जुलैत ते थांबवायला सांगितलं आणि विचारलं की बाकीच्या ग्राहकांचं काय, प्रकरण टीडीसॅट ह्या टेलिकॉम लवादापर्यंत गेलं. माझ्या मते ट्रायचा प्रश्न शंभर टक्के योग्य होता. आणि नियम नुसता प्लॅनवर सोडला की काय होतं ते कॅलिफोर्नियात २०१८ मधे दिसलं, मेंडोसिनोचा वणवा पेटलेला आणि सांता क्लारा काउंटीच्या अग्निशमन दलाच्या कमांडच्या गाडीचं नेट व्हेरायझन ह्या मोबाईल कंपनीने कमी केलं, कारण त्यांच्या प्लॅनची मर्यादा संपली होती. कॉम्प्युटरने नियमाप्रमाणेच केलं होतं. नियमात आग कुठे लिहिलेलीच नव्हती.

सिंहस्थाकडे परत येण्याआधी घरच्या लाईनचं थोडं, कारण सवय तिथूनच लावायची आहे. सोसायटीत जी फायबर येते ती बहुतेक ठिकाणी जीपॉनची असते, म्हणजे मशीनच्या एका पोर्टवरून खाली साधारण अडीच गिगाबिट येतात आणि ते स्प्लिटर लावून बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटले जातात. चौसष्ट घरांना शंभरचा प्लॅन विकला तर बेरीज झाली चौसष्टशे मेगाबिट आणि आहेत अडीच हजार. ह्यात फसवणूक नाही, सगळे एकदम वापरत नाहीत म्हणून हे चालतं आणि म्हणूनच आपल्याला ते स्वस्तात मिळतं. पण रात्री आठ ते अकरा सगळेच वापरतात, मॅच असली तर विचारूच नका. त्या वेळात कसं वाटायचं हे ठरतं ऑपरेटरच्या मायक्रोटिक राउटरमधल्या क्यूच्या, म्हणजे रांगेच्या, सेटिंगवर, आणि ती सेटिंग कुणीतरी एकदा टाकलेली असते आणि मग तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. एका ठिकाणी तर मला असं सापडलं होतं की स्पीड टेस्टच्या सर्व्हरला तेवढी मोकळी वाट दिलेली आणि बाकी सगळं रांगेत, ग्राहक तक्रार करायचा तेव्हा टेस्टवर पूर्ण वेग दिसायचा आणि त्यालाच सांगितलं जायचं की तुमच्या वायफायचा प्रॉब्लेम आहे. मुलीचा ऑनलाइन क्लास अडकतोय हे आईला दिसतंय आणि आकडा मात्र तिला खोटं पाडतोय, ह्याचा मला खरंच राग येतो. बिलाच्या पाठीमागे चार ओळी छापायला काय जातं? पीक टाइमला किमान किती मिळेल, एका पोर्टवर घरं किती, कोटा संपल्यावर वेग किती, आणि गर्दीत आधी काय जाऊ देतो. ग्राहकांनी हे विचारायला लागलं पाहिजे, आणि सोसायटीने एकत्र विचारलं तर ऑपरेटर उत्तर देतो हा माझा अनुभव आहे, कारण सगळी सोसायटी एकदम सोडून जाणं त्याला परवडत नाही.

आता रामकुंड. तांत्रिक हत्यारं सगळी आहेत, नवीन काही शोधायचं नाहीये. फोरजीमधे प्रत्येक प्रकारच्या ट्रॅफिकला क्यूसीआय म्हणून वर्ग असतो, व्होल्टीचा, म्हणजे फोरजीवरून जाणाऱ्या कॉलचा, आवाज एक नंबरच्या वर्गात आणि साधं नेट नऊ नंबरच्या, म्हणून नेट मेलेलं असतानाही कधीकधी कॉल लागतो. सिमकार्डांनाही ॲक्सेस क्लास असतात, त्यात ११ ते १५ हे खास राखलेले, सुरक्षा दलं, सार्वजनिक सेवा, आपत्कालीन सेवा वगैरेंसाठी, म्हणजे टॉवर फारच भरला तर साध्या फोनांना जरा थांबा म्हणून सांगता येतं आणि ह्यांना आत घेता येतं. कायदाही आहे. टेलिकॉम कायदा २०२३ च्या कलम २० मधे लिहिलंय की सार्वजनिक आणीबाणीत मदतकार्यासाठी अधिकृत केलेल्या लोकांचे संदेश आधी जातील अशी व्यवस्था सरकार करू शकतं. मग उरतं काय तर ती यादी. त्या यादीत कोण?

ह्या यादीवरच माझं सगळ्यात जास्त म्हणणं आहे. २७ ऑगस्ट २००३ ला ह्याच शहरात शाही स्नानाच्या दिवशी चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. अशा वेळी पहिल्या पाच मिनिटांत कुणाचा निरोप कुणाला पोचतो ह्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. म्हणून ११२ आणि १०८ चे कॉल सगळ्यांच्या आधी, त्यात दुमत होणार नाही. त्यानंतर बंदोबस्तावरचे पोलिस, अँब्युलन्सवाले, अग्निशमन, घाटावरचे जीवरक्षक, आणि हरवलेल्यांची केंद्रं, ही केंद्रं मुद्दाम म्हणतोय कारण हरवलेली म्हातारी माणसं आणि लेकरं हे मेळ्याचं सगळ्यात मोठं रोजचं दुःख आहे आणि त्यांचा फोटो एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात जायला नेटच लागतं. यादीत हुद्दा बघून नाव घालू नका, त्या दिवशी हातात काम काय आहे ते बघा. जीवरक्षक पोरगा कंत्राटी असला तरी तो यादीत हवा, आणि स्नानाला आलेला कितीही मोठा पाहुणा आणि त्याच्यासोबतचा फोटोवाला, हे यादीत नकोत. असं होणार नाही अशी आशा आहे, पण यादी बंद पाकिटात राहिली तर नावं कशी वाढत जातात हे आपल्याला माहितीये. नावं नकोत, पदं आणि संख्या छापा, तेवढं पुरेसं आहे.

राहिले आपण सगळे साधे लोक. आपल्यात भेद करायचा तर माणसांत करू नका, कामात करा. मेसेज, लोकेशन, पेमेंट हे लहान निरोप आधी, कारण ते एवढेसे असतात की सगळ्यांचे गेले तरी जागा फारशी अडत नाही, आणि फुलवाल्या बाईचा दिवसभराचा गल्ला आता यूपीआयवर आहे. मग आवाज. व्हिडिओ शेवटी, आणि तोही बंद न करता क्वालिटी उतरवून. हे आपण करून बघितलेलं आहे, २०२० च्या मार्चमधे लॉकडाउन लागला तेव्हा मोठ्या व्हिडिओ कंपन्यांनी मोबाईल नेटवर्कवर १४ एप्रिलपर्यंत ४८० पीच्या वर जायचं नाही असं जाहीर केलं होतं, लोकांनी समजून घेतलं, कारण आधी सांगितलं होतं आणि सगळ्यांना सारखं होतं. पर्वणीच्या दिवशी घाटाच्या परिसरात तसंच करा. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवली पाहिजे, व्हिडिओ म्हणजे चैन असं सरसकट धरता येत नाही. ज्यांना ऐकू येत नाही ते खुणांच्या भाषेत व्हिडिओवरच बोलतात, असा एखादा भाविक गर्दीत चुकला तर त्याचा व्हिडिओ कॉल हाच त्याचा आवाज आहे. म्हणून मदत केंद्रांवर राखीव वायफाय हवं जिथे तो पूर्ण क्वालिटीने बोलू शकेल. असले प्रश्न नियम बंद खोलीत केला की सुटून जातात आणि उघड चर्चेला ठेवला की कुणीतरी हमखास दाखवून देतं, उघडपणाचा हा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो.

आणि एक सोपा मोह आहे, तो म्हणजे सरळ नेटच बंद करा, अफवा पण नकोत आणि गर्दी पण नको. ह्याला माझा ठाम विरोध आहे. गर्दीत माणूस घाबरतो तो काय चाललंय ते कळत नाही म्हणून, त्याचा फोन मुका केला तर तो जास्त घाबरेल, आणि घरचे सगळे एकदम फोन लावायला लागतील. अफवेला उत्तर खरी माहिती वेळेवर पोचवणं हेच आहे आणि त्यासाठी सेल ब्रॉडकास्ट आहे, २०२३ मधे सगळ्यांचे फोन एकदम मोठ्याने वाजून चाचणीचा मेसेज आला होता तेच. तो मेसेज एका टॉवरखालच्या लाखभर फोनना गेला तरी एकदाच जातो, त्यामुळे तुंबलेल्या नेटवर्कवरही पोचतो. अमुक पूल बंद, तमुक रस्त्याने बाहेर पडा, हे मराठीत, हिंदीत आणि जमलं तर आणखी दोन भाषांत तयार ठेवता येतं. सुप्रीम कोर्टाने १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन खटल्याच्या निकालात सांगितलंय की नेट बंद करायचे आदेशसुद्धा प्रसिद्ध केले पाहिजेत. बंद करण्याचा आदेश छापायचा असेल तर कुणाला मागे ठेवलं ते का छापायचं नाही?

कुंभमेळा प्राधिकरण, दूरसंचार विभाग आणि कंपन्या, तिघांनी मिळून हा क्रम एका पानावर लिहावा, साध्या मराठीत, आणि गावकरी, अंध-अपंगांच्या संस्था, दुकानदार, आखाडे, सगळ्यांना त्यावर बोलू द्यावं. मग त्याची परीक्षा पर्वणीच्या आधी घ्यावी. त्र्यंबकेश्वरला पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांची यात्रा भरते, दिंड्या येतात, गाव भरून जातं, आणि डोंगराच्या कुशीत रेंजची तशीही बोंब असते. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला तर रात्रभर माणसांची रीघ असते. तिथे हा क्रम लावून बघा, ११२ चा कॉल किती सेकंदांत लागला, जीवरक्षकाचा मेसेज पोचला का, चहावाल्याची किती पेमेंट अडकली, कुठला सेक्टर किती वेळ भरलेला होता आणि त्या वेळात कुणाला थांबवलं, हे सगळं दुसऱ्या दिवशी आकड्यांसकट जाहीर करा, जिथे चुकलं तिथे क्रम बदला आणि बदललेला क्रम परत छापा.